ताकेनाका फुमिएचे अकरा बाइट

‘गोबो कोण?’ असं विचारणारी पत्रं मला वर्षाला दोन-तीन तरी येतात. लिहिणारे लहानपणी ‘पाणमांजर आणि सात विहिरी’ हा टीव्हीवरचा व्हिडिओ गेम खेळलेले असतात, आता टक्कल पडलेले. खेळाच्या शेवटी आम्हा सगळ्यांची टोपणनावं येतात आणि त्यात संगीतापुढे ‘गोबो’ एवढंच आहे. मी प्रत्येकाला उत्तर पाठवतो की त्यांचं नाव ताकेनाका फुमिए, पुढे त्यांनी योनागोला मुलांना पियानो शिकवला, तीन वर्षांपूर्वी त्या वारल्या. याहून जास्त लिहायचा धीर आजवर झाला नाही. पण मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे आणि पुढची गोष्ट माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

गोबो म्हणजे ते लांबलचक, मातकट मूळ, भाजीत घालतो ते. ताकेनाका उंच, किडकिडीत, आणि बारा महिने तोच तपकिरी स्वेटर. नाव ठेवायला आम्हाला तेवढं पुरलं. खेळात खरी नावं घालायची नाहीत, असा आमच्या मालकांचा दंडक होता. दुसरी कंपनी माणसं पळवून नेईल, ही त्यांना धास्ती. आमच्यात पळवण्यासारखं कोण होतं, हे त्यांनाच माहीत. ओसाकात ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यांच्या, एका दुकानावर आमचं ऑफिस, माणसं नऊ, आणि खालच्या सॉसचा वास कागदांनासुद्धा लागलेला.

मी प्रोग्रॅम लिहायचो, म्हणजे यंत्रातली जागा माझ्या ताब्यात. ताकेनाका संगीत महाविद्यालयात चार वर्षं काढून आली होती आणि तिच्या वाट्याला आले तीन आवाज आणि एक खरखर. दोन आवाजांवर चाल, तिसऱ्यावर खर्ज, खरखरीवर ताल. त्यातही पाणमांजरानं उडी मारली की उडीच्या आवाजासाठी दुसरा आवाज काढून घेतला जाई आणि चालीला भोक पडे. दुसरा कुणी असता तर यंत्राला शिव्या देत बसला असता. ही बाई खेळ तपासणाऱ्या माणसाशेजारी तीन दिवस वही घेऊन बसली आणि प्रत्येक उडीला एक रेघ मारत गेली. मग जिथे रेघा दाट होत्या, तिथे तिनं दुसऱ्या आवाजाला गप्पच ठेवलं. खेळताना वाटायचं, ती उडी गाण्यातलीच आहे.

चाल आधी ती नुसती गुणगुणायची, मग चौकटीच्या कागदावर आकडे मांडायची, मग ते आकडे एकेक करून टाइप करायची. झालं की टीव्ही चहाच्या खोलीत नेऊन दार लावून घ्यायची आणि स्वतः बाहेर उभी राहून सगळ्यांचे कप विसळत ऐकायची.

“हे काय खूळ?” मी एकदा विचारलं.

“खेळणाऱ्याचं काय, निशिवाकी-सान, तो खेळात गुंगलेला असतो. भिंतीपलीकडे आई भात लावत असते, तिला शंभरदा ऐकावं लागतं. ती वैतागली की संपलं, यंत्र माळ्यावर.”

चाळिसाव्या फेरीला कंटाळा आला तर कागद टराटरा फाडायची. आम्हाला चौथ्याच फेरीला आलेला असायचा, पण ते सांगायची सोय नव्हती.

सातही विहिरींच्या संगीताला मिळून मी तिला दोन हजार बाइट दिले होते आणि त्यातूनही उचलत होतो.

“ताकेनाका, तीस बाइट दे.”

“परवा वीस नेलेत की! माझीच विहीर आटवताय तुम्ही.”

“पाणमांजराला शेपूट नको का?”

“बिनशेपटीचीही असतात म्हणावं.”

बडबडत जायची आणि तासाभरानं परत यायची. “घ्या तीस. तिसऱ्या विहिरीतला खर्ज अर्धा केला. आता आठवडाभर माझ्या दारात दिसू नका.” दोन वर्षांत ती मला एकदाही नाही म्हणाली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

तिचे वडील योनागोचे. शाळाशाळांतले ऑर्गन दुरुस्त करायचं काम त्यांनी जन्मभर केलं आणि त्यावर मुलीला शिकवलं. दर रविवारी फोनवर तिला ऐकवायचे, “चार वर्षं संगीत शिकलीस आणि आता डब्याकडून पी-पी करून घेतेस होय गं?” ती त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायची. एकदा नक्कल अर्ध्यावर सोडून म्हणाली, “माझं एकही गाणं बाबांनी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. ऐकणार कसं? माझ्या गाण्यांना शेवटच नसतो.”

ते खरं होतं. खेळणारा मरेपर्यंत चाल फिरत राहते. म्हणून ‘सात विहिरीं’च्या अखेरच्या पडद्यासाठी तिनं अठ्ठेचाळीस सेकंदांचं एक गाणं लिहिलं, जे रीतसर संपतं. मग दार लोटून माझ्यासमोर बसली.

“एक मागू? गाणं संपेपर्यंत ज्यानं कुठलंही बटण दाबलं नाही, त्यालाच माझं नाव दिसू दे. खरं नाव. इतका वेळ कुणी थांबत नाही, मालकांना पत्ता लागणार नाही. बाबा मात्र थांबतील. एकदा त्यांना दिसलं, की त्यांना पटेल हे माझं कामच आहे म्हणून.”

ताकेनाका फुमिए. सात अक्षरं, मधे एक मोकळी जागा, आणि ती पडद्यावर कुठे ठेवायची त्याचे तीन. अकरा बाइट. मी हो म्हणालो. गंमतच वाटली मला.

खेळ कारखान्याकडे द्यायचा दिवस उजाडला. सगळं संपवून ताकेनाका आदल्या दिवशीच तापानं फणफणत घरी गेली होती. सकाळी साडेआठला तपासणाऱ्यानं हाक मारली. सहाव्या विहिरीत, एका विशिष्ट कोपऱ्यात उडी मारली की पाणमांजर भिंतीत रुतून बसत होतं. पुढे नाही, मागे नाही. कारखान्याचा माणूस दहाला येणार होता. दुरुस्ती मला लगेच सुचली, पण तिला जागा लागत होती आणि यंत्रात एक बाइटही शिल्लक नव्हता. मी यादी चाळली. ज्याच्यावाचून खेळाचं काही अडणार नव्हतं, असं एकच होतं. मनाशी म्हणालो, झोपू दे बिचारीला. आणि तिचं नाव काढून टाकलं. दहाच्या ठोक्याला खेळ गेला.

तिला नंतर सांगायचं, असं ठरवलं होतं. पण ती बरी होऊन आली ती हसतच. वडिलांना फोन करून सांगून झालं होतं, ‘शेवटपर्यंत जा, गाणं संपेपर्यंत हात लावू नका, मग बघा.’ मी म्हटलं, आज नको. बाजारात गेलेला खेळ ती पुन्हा लावून बघत नसे, स्वतःच्या चुका ऐकवत नाहीत म्हणायची. त्यामुळे तिला कळायचीही भीती नव्हती.

अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसानं यंत्र आणलं. अवजारं धरून धरून बोटं आखडलेली. नुसती उडी जमायला पंधरा दिवस गेले. दर सोमवारी ताकेनाका ऑफिसात बातमी आणायची.

“काल दुसरी विहीर! आणि त्या खेकड्याला बाबा काय म्हणतात माहितीये? ‘महाशय’. ‘महाशयांनी आज मला परत पाडलं.’”

सगळे हसायचे. मीही हसायचो. म्हातारा शेवटाला पोचणारच नाही, ही माझी आशा. एका म्हाताऱ्या माणसाच्या हरण्याची मी सात महिने वाट पाहत होतो. सांगायला हेच सात महिने हातात होते.

मार्चच्या चार तारखेला ती ताकोयाकीचे, ऑक्टोपस घातलेल्या गरम गोळ्यांचे, पुडे घेऊनच आत आली. पुढ्यात मांडले, सगळ्यांच्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाबांनी नाव पाहिलं. काल रात्री फोन आला. पांढऱ्या अक्षरांत होतं, छान दिसत होतं, म्हणाले. आणि म्हणाले, चांगलं काम करतेस.” तिचे डोळे भरून आले होते. “तुमच्यामुळे हो, निशिवाकी-सान.”

मी आठच्या आठ गोळे खाल्ले. तोंड रिकामं ठेवायची भीती वाटत होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात वडील गेले. घर आवरून ताकेनाका परत आली तेव्हा सगळे जेवायला खाली उतरले होते. माझ्या टेबलावर तिनं एक वही ठेवली. ऑर्गनची दुरुस्ती टिपायची जुनी वही, तिच्या मागच्या पानांवर खेळाच्या नोंदी. तिनं बोट ठेवलं तिथून मी वाचलं.

‘२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सातवी विहीर संपली. गाणं ऐकलं. शेवट नीट केला आहे, घाई नाही. थांबलो. चार वाजले. नाव आलं नाही. माझा हात कुठेतरी लागला असणार.’

‘२३ फेब्रुवारी. हात पाठीमागे धरून बसलो. आलं नाही.’

अशा नोंदी नऊ होत्या. नवव्या वेळी त्यांनी यंत्र जमिनीवर ठेवून स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहिलं होतं. मग शेवटची.

‘३ मार्च. फुमिएला फोन केला. नाव दिसलं म्हणून सांगितलं. तिनं केलेलं बरोबरच असणार. चूक मलाच सापडत नाही.’

“मी तिथेच त्यांच्या यंत्रावर लावून पाहिलं,” ताकेनाका म्हणाली. “मीही थांबले.”

मग मी सांगितलं. भिंत, कोपरा, दहाला येणारा माणूस, तिचा ताप. ती दुरुस्ती नसती तर तुझे बाबा सहाव्या विहिरीतच अडकले असते, हेही सांगितलं. किती निर्लज्ज असतो माणूस!

“किती हवे होते?” तिनं विचारलं.

“अकरा.”

“अकराच?” तिनं वही मिटली, स्वेटरच्या बाहीनं तिचा पुठ्ठा पुसला. “शेवटून दुसऱ्या ओळीतला खर्ज काढला असता की मी. बाबांनासुद्धा कळलं नसतं. एक फोन करायचा होता, निशिवाकी-सान. ताप होता, पण मी जागीच होते.”

तिचा नंबर माझ्यासमोर भिंतीवर चिकटवलेला होता. त्या सकाळीही तो तिथेच होता.