ब्रेक दोनदा दाबायची सवय

मंडळी, एकाच हाताने टाइप करतेय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आमच्या गाडीचा ब्रेक अधूनमधून लागतच नाही, स्टिअरिंगही मध्येच जड होतं. तीनदा सर्व्हिसिंगला दिली. दरवेळी तेच उत्तर, "मॅडम, चालवून बघितली, एकदम ओके आहे." शेवटी आम्हीच सवय करून घेतली, ब्रेक दोनदा दाबायचा.

आज सकाळी सासूबाईंना बाळकुमहून नौपाड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. सिग्नलला पुढे रिक्षा उभी, आत तान्हं बाळ घेतलेली बाई. मी ब्रेक दाबला, पाय थेट खाली गेला. परत दाबला, तरी तेच. स्टिअरिंग वळेना. जीव खाऊन हँडब्रेक ओढला. गाडी रिक्षापासून हातभर अंतरावर थांबली. त्या बाईला कळलंही नाही.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तिसऱ्यांदा दाबून बघायचा ना!"

गाडी कडेला लावून रिक्षाने घरी आलो. नवऱ्याला सगळं सांगितलं, तर म्हणतो, "चावी दे, मी घेऊन येतो. मला जमतं."

चावी माझ्या मुठीत आहे. तो दारात चपला घालून उभा आहे.

तुम्ही दिली असती?