कोऱ्या शेतातली पावलं

हिवाळ्यात एम्ब्रेटच्या शेतात पाय ठेवायचा नाही, हे ग्रेनवोल गावातल्या पोरांना चालायला यायच्या आधीच कळतं. तसं ते शेत एम्ब्रेटचं नव्हेच, ते तुरीडचं. पण उन्हाळ्यातलं गवत तुरीडचं आणि हिवाळ्यातला बर्फ एम्ब्रेटचा, अशी वाटणी कधी पडली ते आता कुणी विचारत नाही. त्याच्या अंगणापासून तिच्या पायऱ्यांपर्यंत पांढरंशुभ्र पसरलेलं, मागे काळीभोर झाडं, त्यांच्यामागे डोंगर. ऑस्लो, बर्गनहून नवरा-नवरी येतात आणि इथे उभं राहून एम्ब्रेटकडून फोटो काढून घेतात. शेत मात्र त्यांना कोरं लागतं. म्हणून पहिला बर्फ पडला की पोरं घसरगाड्या घेऊन चर्चच्या उताराला जातात, कुत्री बांधली जातात आणि पोस्टमन कुरकुरत लांबचा वळसा घालतो.

एकदा नव्याने आलेल्या पाद्रीबाबांनी जवळची वाट म्हणून शेतात चार पावलं टाकली. एम्ब्रेट अंगणातून गरजला, "जसे गेलात तसे, त्याच पावलांत, मागे या!" पाद्रीबाबा टोपी सावरत उलटे चालत बाहेर आले. तेव्हापासून तो नियमच झाला. चुकून आत गेलात तर उमटलेल्या पावलांखेरीज नवं पाऊल उमटवायचं नाही.

एम्ब्रेट साठी उलटलेला, ताडमाड आणि बिनलग्नाचा. अर्धं आयुष्य लाकडाच्या गिरणीत गेलं. गिरणी बंद पडल्यावर त्याने गळ्यात कॅमेरा अडकवला, तेव्हा गाव म्हणालं, हा आता उपाशी मरतो. तो काही मेला नाही. गारठलेल्या जोडप्याला 'हसा' म्हटलं तर नुसते दात दिसतात, हे त्याने लवकर ओळखलं. तो नवऱ्याला म्हणायचा, "हिचं नाक किती लाल झालंय, जरा जवळून बघून सांग बरं." नवरा वाकायचा, नवरी त्याला ढकलायची, दोघं हसायचे आणि तेवढ्यात फोटो निघालेला असायचा. थंडीने बॅटऱ्या मान टाकतात, म्हणून त्या तो लोकरी बनियनच्या आत, छातीशी ठेवी.

"बायकोची जागा रिकामी आहे ना, तिथे बॅटऱ्या ऊब खातात," दुकानवाली गुनवोर सगळ्यांसमोर म्हणायची. तो कधी चिडला नाही.

न चिडायला कारण होतं. गेले दोन हिवाळे हा बाबा अंधार पडला की नदीकाठच्या वाटेने, झाडीझाडीतून, तुरीडच्या मागच्या दाराला जात होता. दोन कप कॉफी प्यायची आणि तसंच गुपचूप परतायचं. अट तुरीडची होती. तिचा नवरा एका हॉटेलवालीबरोबर स्वीडनला पळाला, तेव्हा गावाने ती गोष्ट अख्खा हिवाळाभर कॉफीबरोबर चघळली होती. तुरीडने एम्ब्रेटला बजावलं होतं, "ज्या दिवशी दुकानात आपलं नाव एका दमात घेतलं जाईल, त्या दिवशी माझं दार बंद. मागचंसुद्धा."

आणि एम्ब्रेटसाठी त्या दारापलीकडे या वयात दुसरं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी रेडिओने छातीठोकपणे सांगितलं, रात्री जोरदार बर्फ पडणार. एम्ब्रेटचा गुडघा ठणकत होता. सकाळपर्यंत सगळं बुजणारच आहे, असं म्हणत त्याने जन्मात पहिल्यांदा शेत सरळ ओलांडलं. तुरीडही म्हणाली, "या गुडघ्याने परत कुठे जातोस? राहा."

सकाळी त्याने पडदा सारला आणि त्याच्या पाचावर धारण बसली. एक कण पडला नव्हता! आभाळ धुतल्यासारखं, ऊन लख्ख, आणि शेताच्या बरोबर मधून त्याच्या दारापासून तिच्या दारापर्यंत निळ्या सावल्यांची ओळ. जाणारी पावलं सगळी. परत आलेलं एकही नाही.

"मी मागून निघतो," तो घाईघाईने बूट चढवत म्हणाला. "नदीवरून वळसा घालतो. विचारलंच कुणी तर सांगेन, एल्कबिल्क, एखादं मोठं हरीण गेलं असेल."

"सेहेचाळीस नंबरचे बूट घालून?"

  तुरीडने टेबलावरचं साखरेचं भांडं उचललं, कपाटात आत सरकवलं आणि कपाट लावून टाकलं. ती स्वतः साखर खात नसे, ते भांडं निघायचं ते त्याच्यासाठीच. एम्ब्रेटला काय ते कळलं. नाडी बांधता बांधता त्याचे हातच थांबले.

तेवढ्यात फोन वाजला. गुनवोरचा आवाज असा, की फोन कानाला लावायची गरज नसते.

"तुरीड, एम्ब्रेटला सांग, नवरा-नवरी आलेत. त्याच्या दारात कुडकुडत होते बिचारे. दिले तिकडे पाठवून."

"तो इथे आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"आज शेताने सांगितलं. साखरेने केव्हाच सांगितलंय! तू कडू कॉफी पिणारी बाई, दोन हिवाळे साखरेचे खडे नेतेस. दातात खडा धरून कॉफी पिणारा या गावात एकच राक्षस उरलाय."

तुरीड मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे... सगळ्यांना माहीत आहे?"

"पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत."

"आणि कुणी बोललं नाही?"

 गुनवोर चक्क हळू आवाजात म्हणाली, "मागच्या खेपेला फार बोललो ना गं आम्ही. या वेळी म्हटलं, लांबून जाऊ. पण जीभ चावून चावून अर्धी झाली माझी. आता तरी बोलू का?"

 तुरीड खिडकीबाहेर बघत होती. नवरा पुढे, नवरी मागे, दोघं एम्ब्रेटच्या पावलांत पाय ठेवत येत होते. गुनवोरने नियम सांगितला असणार. पण एम्ब्रेटची ढांग ही एवढी! नवरी एका हाताने झगा धरून, दुसऱ्याने नवऱ्याच्या कोटाला लोंबकळत, बेडकीसारखी उड्या मारत होती आणि खदाखदा हसत होती. नाकं दोघांचीही लाल होती.

"बॅटऱ्या!" एम्ब्रेट खुंटीवरचा कॅमेरा ओढत ओरडला.

"उशाखाली आहेत. अरे, निदान पँट तरी घाल!"

पण तो लोकरी आतल्या विजारीवर, बुटांच्या नाड्या सोडून, तुरीडच्या पुढच्या पायरीवर उभा होता. शेतापलीकडच्या दुकानासमोर जमलेल्या गावाने हात हलवले. त्याने फोटो काढत काढतच कोपर हलवलं. त्याचा जीव भांड्यात पडला होता की नाही, हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.

"एम्ब्रेटकाका, आम्ही पावलं मोडली तर नाही ना?" नवरीने पायरीशी येऊन धापा टाकत विचारलं.

"नाही पोरी. तशीच असू देत."

पाठीमागे तुरीड पुटपुटत होती. "दोन हिवाळे! आणि मी उगाच पडदे ओढून बसले. अंधारात दोनदा मेजाला पाय ठेचला." मग ती मोठ्याने म्हणाली, "आत या सगळे, कॉफी गार होतेय." नवरा-नवरीला साखर नको होती. तरी तिने कपाट उघडलं, भांडं काढलं आणि दणकन एम्ब्रेटच्या कपाशेजारी ठेवलं.