टोकियोतलं वांगं

टोकियोला जाऊन आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या सहलीबद्दल कुणी विचारलं की मी शिबुयाच्या चौकाबद्दल बोलतो. सिग्नल पडला की चारी बाजूंनी माणसं कशी सुटतात, एवढ्या गर्दीत कुणी कुणाला धक्का कसा लावत नाही, वगैरे. ऐकणारा खूश होतो आणि मी सुटतो. जेवणाचा विषय निघाला की मला खोकला येतो. इतकी वर्षं असं खोकून भागवलं. आज खोकणार नाही.

मुळात भानगड नवसाची. दोह्यात माझं बायपास झालं, तेव्हा मी बेशुद्ध असताना बायकोने गावी फोन करून देवाला गाऱ्हाणं घालायला लावलं, की हे उठून बसले तर पुन्हा यांच्या ताटात मासा येणार नाही. मी उठून बसलो. मटण-कोंबडी डॉक्टरांनी बंद केली, मासे देवाने. मी मालवणचा. माझ्या ताटातून मासा काढायचा तर निदान मला विचारायला हवं होतं. पण देवाशी झालेल्या करारावर माझी सही लागत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. तिने स्वतःही मासे सोडले, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

तेव्हा आम्ही दोह्याच्या अल मन्सूर भागात राहायचो. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर वसईचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. नवरा हॉस्पिटलच्या ऑफिसात, बायको नर्स. तो मला ‘मालवणी’ म्हणायचा, मी त्याला ‘वसईकर’. इथल्या मराठी मंडळींच्या दरवर्षीच्या स्नेहसंमेलनात जेवणाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे असायची. मटणातला डाव चुकून वरणात गेला, तर हा अख्खं वरण बाजूला काढायला लावायचा. कांदा चिरायच्या सुऱ्यासुद्धा वेगळ्या. त्यामुळे कडक शाकाहारी बायका आधी एवढंच विचारायच्या, “वसईकर भाऊजी आहेत ना जेवणाला? मग झालं.” या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. बोलून दाखवायचा नाही, पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पातेल्यांमागे उभा राहायचा.

त्याचा भाचा एका विमान कंपनीत होता. रिकाम्या राहिलेल्या सीटची स्वस्त तिकिटं मिळाली. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून गुरुवारी रात्री निघायचं, शनिवारी रात्री तिकडून परत फिरायचं, रविवारी सकाळी ऑफिसात हजर. त्याच्या बायकोला ड्युटी, माझ्या बायकोचे गुडघे. म्हणून आम्ही दोघेच.

“भाऊजी, यांच्या खाण्याकडे तुम्ही बघा,” निघताना बायको त्याला म्हणाली. मला काही म्हणाली नाही.

“वहिनी, बिनघोर राहा. याच्या तोंडाला कुलूप, चावी माझ्याकडे.”

आणि पठ्ठ्याने खरंच चावी सांभाळली. तिकडे साध्या भाजीच्या रश्शातही माशाचं पाणी असतं, हे त्याने भाच्याकडून समजून घेतलं होतं. ‘मासा नको, मटण नको, माशाचं पाणीही नको’ असं जपानीत लिहून घेतलेलं फोनवर होतं. प्रत्येक हॉटेलात तो ते पुढे धरायचा. वेटर वाचायचा, चेहरा दुःखी करायचा, कमरेत वाकायचा आणि आम्ही बाहेर. इतक्या अदबीने हाकलून दिलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शेवटी एका ठिकाणी भात आणि काकडी मिळाली. दुसऱ्या ठिकाणी काकडी आणि भात.

“अरे, तू तरी खा मासे,” मी म्हणालो.

“तुझ्यासमोर? माणूस आहे मी, मालवणी.”

वसईच्या माणसाने जपानात जाऊन काकडी खावी, यापेक्षा मोठा त्याग मला माहीत नाही.

शनिवारी दुपारी एका मोठ्या देवळाच्या आवारात आम्ही बाकावर टेकलो. चालून चालून त्याचे पाय सुजले होते. बूट काढून, टोपी तोंडावर ओढून तो आडवा झाला. तेवढ्यात वारा फिरला. कोळशाचा धूर, त्यात काहीतरी गोडसर जळल्याचा वास, आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, माझं सगळं बालपण.

“जरा टॉयलेटला जाऊन येतो,” मी म्हणालो.

“एवढ्यात परत?” टोपीखालून आवाज आला.

“इथल्या टॉयलेटला बटणं फार आहेत. वेळ लागतो.”

मागच्याच गल्लीत दुकान होतं. एक म्हातारा निखाऱ्यांवर पंख्याने वारा घालत होता आणि जाळीवर वाम होती, सापासारखी लांब मासळी. आपल्याकडच्यासारखे तुकडे नाहीत, उभी चिरून, सपाट करून, काळसर चकचकीत रस्सा लावून भाजलेली. काळ्या लाकडी डब्यात भातावर घालून समोर आली तेव्हा माझे डोळे भरून आले. धूर होता, पण धुराने नव्हे. खाण्याआधी मी तिचा एक फोटो काढला. पुन्हा कधी भेट होईल न होईल. मग सावकाश खाल्ली. देवाची क्षमा मागायची राहूनच गेली, कारण तोंड भरलेलं होतं.

बाकाशी परत आलो. वसईकर घोरत होता. मी त्याच्या शेजारी शाकाहारी चेहरा करून बसलो आणि फोन वाजला.

आता माझ्या मूर्खपणाचा भाग. मुलाने माझा फोन घरच्या टीव्हीला जोडून ठेवला होता, म्हणजे सहलीचे फोटो आईला आपोआप दिसावेत. कौतुकाने जोडला होता. मी साफ विसरलो होतो. दोह्यात सकाळ होती. बायको चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसली होती. देऊळ आलं, शिबुयाचा चौक आला, आणि मग अख्ख्या भिंतीएवढी वाम.

मला कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

“अहो, त्या डब्यात काय आहे?”

“वांगं.”

“वांगं?”

“भाजलेलं. इथली वांगी लांब असतात.”

चिडली की ती माहेरच्या भाषेत जाते. “माका शिकवू नकात! मालवणात जन्मलंय मी. ती वाम आसा!”

शेजारी घोरणं थांबलं होतं. टोपी बाजूला झाली होती. खरं बोलायला तेवढी एक घटका होती. माझ्या तोंडून निघालं, “मग यानेच मला सांगितलं वांगं आहे म्हणून. मला काय कळतंय जपानी!”

वसईकराने माझ्याकडे नीट पाहिलं. मग फोनकडे वाकून तो म्हणाला, “हो वहिनी. माझीच चूक झाली. माफ करा.”

फोन ठेवल्यावर मला वाटलं, हा आता मारणार. पण त्याचं दुःख वेगळंच.

“एकट्याने खाल्लीस? मला काकड्या चारून?” त्याने बूट चढवले. “चल, दुकान दाखव. आता मी खाणार आणि तू बघणार.” मी बघत बसलो. त्याने काटासुद्धा चोखला. उठताना म्हणाला, “घरी गेल्यावर खरं सांग पण. माझ्या नावावर ठेवू नकोस हे.”

“सांगतो.”

घरी पोचलो तेव्हा बायकोने सगळी तयारी करून ठेवली होती. गावच्या देवळातून व्हिडिओ कॉल. मानकऱ्याने हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा! परदेशात ह्या तुझ्या लेकराक कोणी फसवून मासो खावक घातल्यान आसा. तर त्येचो दोष ह्येच्यार ठेवू नको, ज्याने फसवल्यान त्येच्यार ठेव रे म्हाराजा!” तिकडचे सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” बायको म्हणाली, “व्हय म्हाराजा!” आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

देवासमोर हो म्हटल्यावर बायकोसमोर नाही कसं म्हणायचं? तिने ही हकिगत दोन मैत्रिणींना सांगितली, म्हणजे सगळ्या दोह्याला सांगितली. पुढच्या स्नेहसंमेलनाला जेवणाची व्यवस्था दुसऱ्या कुणाकडे गेली. कुणी वसईकराला काही बोललं नाही. “तुम्ही या वेळी आराम करा,” एवढंच. तो साधा टीशर्ट घालून आला, मागच्या रांगेत बसला आणि लवकर घरी गेला. नाताळला त्याच्या बायकोने पाठवलेलं गोडाचं ताट आमच्या दारावरून परत गेलं.

कधी खाली चहाला भेटलो की तो विचारायचा, “सांगितलंस?”

“सांगतो. इन्शाल्ला.”

“तुझं इन्शाल्ला म्हणजे एसी दुरुस्तीवाल्याचं इन्शाल्ला झालंय, मालवणी.” आणि हसायचा. पुढे पुढे त्याने विचारणं सोडलं. हसणं सोडलं नाही, म्हणून मला वाटत राहिलं की अजून वेळ आहे.

निवृत्त होऊन तो वसईला गेला. आम्ही दोह्याजवळच्या लुसैलला मुलाकडे राहायला आलो. एक दिवस मुलाने फोनवरचा मेसेज वाचून दाखवला. वसईकर गेला.

सुट्टीवर गेलो तेव्हा आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. बायकोलाही जायचं होतं. गेलेल्या माणसावर राग धरत नाहीत, म्हणाली. वसईपर्यंतच्या रस्त्यात मी एकच वाक्य मनात घोळवत होतो. ‘वाम मी माझ्या मर्जीने खाल्ली, नाव त्याचं घेतलं, मला माफ करा.’ सोपं वाक्य आहे.

त्याच्या बायकोने चहा दिला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच हात जोडले.

“भाऊजी, एक बोलायचं राहिलंय. तुमचा नवस यांनी मोडला. मी किती वेळा विचारलं, असं का केलंत? नुसते हसायचे. शेवटपर्यंत मी त्यांना त्याबद्दल बोलत राहिले. त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागते.”

माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. दोघी माझ्याकडे बघत होत्या. भिंतीवरच्या फोटोत तोही.

“असू द्या वहिनी,” मी म्हणालो. “मी त्याला केव्हाच माफ केलंय.”

माझं वाक्य तसंच राहिलं.