पाहिलं कुणी?

उजव्या हाताचं बोट डाव्या डोळ्याखाली टेकवायचं आणि हळू आवाजात विचारायचं, "पाहिलं कुणी?" पुण्याहून आलेल्या त्या तपासनीस साहेबांची ही सवय. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्यासमोर बोलताना आपलंच बोलणं आपल्याला खोटं वाटायला लागतं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. इंदापूरच्या अलीकडे एका गावात मी शेतकरी संघाचा कारकून होतो. ज्वारीचं नवं बियाणं आम्ही काही शेतांत पेरून पाहिलं होतं. आम्ही 'उत्तम' म्हटलं की पुढल्या साली साऱ्या तालुक्यात तेच पेरलं जाणार होतं. साहेब ज्वारी तपासायला आले नव्हते. आम्हाला तपासता येतं का, हे तपासायला आले होते. हे मला कळायला दोन दिवस लागले. चेअरमन आबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

साहेब जेवायला माझ्याकडे असत. "आज आमटी जरा तिखट झालीय," मी म्हणायचो.

"चाखली का तुम्ही?"

मी चाखलेली नसायची. बायको आत तोंडाला पदर लावून हसायची. मला त्यांचा राग यायचा आणि माया पण वाटायची.

तिसऱ्या दिवशी कोरडवाहू भागातले एक तात्या संघाच्या अंगणात आले. "साहेब, माझ्या रानात निम्मं उगवलंच न्हाय. ह्यांनी कागदावर उत्तम लिवलंय."

आबांच्या पुतण्यानं सगळ्यांदेखत तात्यांच्या तोंडावर पायताण हाणलं. दोन दात मातीत पडले. साहेबांनी ते वेचले, रुमालात बांधले, तात्यांच्या हातात दिले आणि माझ्याकडे वळले. "उगवण उत्तम, हे अक्षर तुमचं. पाहिलं कुणी?"

मी आबांकडे बघितलं. लिहायला त्यांनीच सांगितलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांच्या रानात कापणी होती. पाण्याच्या चारीच्या कडेचा टपोऱ्या कणसांचा तुकडा कापायचा, तोलायचा आणि तसंच सगळं रान धरायचं, ही आमची पद्धत. यात काही लबाडी आहे असं खरंच आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

"पाव्हण्याला वाळकी बाजू दावायची न्हाय, ही आमची रीत हाय," आबा म्हणाले.

"मी पाहुणा नाही, आबा."

साहेबांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या, मला एक काढायला लावली आणि तिच्यावरच्या आकड्याइतकी पावलं मोजत ते रानात शिरले. तुकडा आला तो मध्यावरचा. कणसं पोचट होती. काट्याचं पारडं जेमतेम हललं.

पुतण्यानं काटा टांगलेला बांबू उपसला. पहिला फटका साहेबांच्या उजव्या खांद्यावर, दुसरा तोंडावर. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. साहेब पडले तरी तो मारतच राहिला. शेवटी बांबूचं फुटकं टोक डाव्या डोळ्यात गेलं. "बास कर आता," आबा म्हणाले, आणि तेही बैलाला म्हणावं इतक्या सावकाश. मी दहा हात अंतरावर वजनं धरून उभा होतो. ती खाली ठेवावीत, एवढंही मला सुचलं नाही.

बैलगाडीतून त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं. फौजदारानं खाटेशेजारीच मला विचारलं, "कुणी मारलं? तुमी तितंच व्हता न्हवं?"

बाहेर व्हरांड्यात पुतण्या उभा होता.

"व्हतो. पण माझी पाठ हुती तिकडं," मी म्हणालो.

साहेबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्याकडे बघत बोट डोळ्यावरच्या पट्टीखाली टेकवलं.

काही महिन्यांनी अहवाल आला. संघाचं टपाल मीच फोडायचो. डाव्या हातानं लिहिलेलं वेडंवाकडं अक्षर होतं. "संघातील माणसांना नीट दिसतं. पाहिलेलं सांगेल असा माणूस आढळला नाही. संघाच्या शब्दावर बियाणं वाटू नये."

बियाणं थांबलं. तालुका वाचला. पुतण्या पुढे चेअरमन झाला आणि मी त्याच्या हाताखाली म्हातारा झालो. साहेब पुन्हा कधी इकडे आले नाहीत.

आता तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. पाहिलं मी. माझी पाठ नव्हती.