न फेकलेली पेटी

पेटीकाका स्वतः बांधलेली पेटी स्वतःच फेकायचे. अंगणात वगैरे हळूच नव्हे हो, चांगली डोक्यावर उचलून, ओट्यावरून खाली दाणकन! मी वर्ध्याला शाळेत मास्तरीण म्हणून लागले आणि त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा पहिल्याच सकाळी त्या आवाजाने माझ्या हातातला चहाचा कप सुटला होता. संत्र्याच्या पेट्या बांधणं हा काकांचा धंदा. फेकूनही शाबूत राहील तीच पेटी गिऱ्हाइकाला मिळे. मी रागानेच जाब विचारला, तर म्हणाले, "बाई, टेसनावरचा हमाल का तिले पालखीत बसवून नेते? त्यानं फेकाच्या आधी आपणच फेकलेली बरी."

दुसरी खोड म्हणजे, आत काय जाणार ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फळीला करवत लावायची नाही. एकदा भजनी मंडळाची बाजाची पेटी नागपूरला दुरुस्तीला जायची होती, तर काकांनी आधी ती अर्धा तास वाजवायला लावली. "राहणारा कोण हे मालूम नाई, अन् घर बांधाचं?" मंडळी बिचारी वाजवत बसली.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. तिकडे बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या मोठ्या प्रदर्शनात, जगातल्या देशांनी आपापली दालनं थाटली होती. आपल्याही देशाचं दालन होतं, आणि त्यात मांडायला म्हणून दिल्लीच्या साहेबांनी आमच्या गोमाजी कुंभारांचा रांजण निवडला. कमरेएवढा उंच, पातळ अंगाचा, टिचकी मारली की घुमणारा. गोमाजी सत्तरीचे. काकांच्या ओट्यावर बसून म्हणाले, "भाऊ, हात आता थरथरते. असा दुसरा माह्यानं होत नाई." काकांनी रांजणाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि एवढंच म्हणाले, "पोचते."

मग सुरू झाले प्रयोग. लहान पेटी करायची, आत काकूंचा माठ ठेवायचा आणि पेटी ओट्यावरून फेकायची. पहिला माठ फुटला, दुसरा फुटला, आणि फाल्गुनातलं ऊन तर मी म्हणत होतं. काकू कडाडल्या, "आता पाणी काय तुमच्या पेटीतून प्याचं?" तिसऱ्या खेपेला काकांनी माठाला जुनी वाकळ गुंडाळली, भोवती कुटार, म्हणजे धान्याचा भुसा, ठासून भरलं, फळ्यांना खाचा मारून एकीत दुसरी अडकवली, खिळा म्हणून एक नाही. तो माठ वाचला.

तशीच मोठी पेटी सागवानाची झाली. रांजण आत बसला, चौघांनी मिळून पेटी ओट्यावर चढवली, आळी गोळा झाली. काकांनी ढकलायला हात लावला आणि काढून घेतला. परत लावला, परत काढला. "हात उठत नाई, बाई. फुटला तं गोमाजीले काय तोंड दाखवू?" पेटी तशीच टेसनावर गेली. जन्मात न फेकता पाठवलेली ती एकच.

आणि मग काका झुरायला लागले. "काऊन नाई फेकली मी? कमजोर असन तं इथंच समजलं असतं." रोज पोस्टमनची वाट. दिल्लीला मी दोन पत्रं लिहिली, तीही त्यांनी तीनतीनदा वाचून घेतली. बाजाराच्या दिवशी गोमाजी येत, चहा पीत, रांजणाचं अवाक्षर काढत नसत. त्याचाच काकांना जास्त त्रास. बाकीच्या पेट्यांनी मात्र काय पाप केलं होतं कोण जाणे, त्या दुप्पट जोराने आपटत होत्या.

शाळा सुरू झाल्यावर पत्र आलं, इंग्रजीत. मी वाचून अर्थ सांगितला: रांजण सुखरूप, साधा ओरखडाही नाही. काका ओट्यावर मटकन बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड लपवून लहान मुलासारखे रडले. खरं सांगते, माझाही जीव भांड्यात पडला. गोमाजींना बोलावणं धाडलं, काकूंनी शिरा टाकला.

पत्रासोबत एक फोटो होता. दालनाच्या मधोमध रांजण, आणि शेजारी काकांची पेटी! बिनखिळ्याचं काम तिथल्या लोकांना इतकं आवडलं की तीही मांडून ठेवली होती, झाकण उघडून. मला वाटलं, आता काका आभाळात उडणार. पण त्यांचा चेहरा पार उतरला.

"झाकण उघडं? अवो बाई, आतून रंधा मारला नाई ना मी! सारं जग पाहून राह्यलं!"

गोमाजी हसता हसता शिऱ्याची बशी घेऊन खाली बसले. काका हसले नाहीत.

त्या हंगामापासून संत्र्याच्या पेट्यांनाही आतून रंधा बसू लागला. व्यापारी चिडवायचे, "काका, संत्र्याले काय समजते?" काका म्हणायचे, "त्याले नाई समजत. उघडणाऱ्याले समजते."

माझी आर्वीला बदली झाली तेव्हा पुस्तकांसाठी त्यांनी मला एक पेटी दिली. पैसे घेतले नाहीत, घ्या म्हटलं तर रागावले. ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं, शेवटचं भेटता आलं नाही. त्या दिवशी मी सगळी पुस्तकं बाहेर काढली आणि पेटीच्या आतून, चारी बाजूंनी, अगदी कोपऱ्यापर्यंत हात फिरवला. एक कुसळ बोटाला लागलं नाही.