बोर्डावरची यादी

माझ्या लाल पेनाची आमच्या कॉलेजात दहशत आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. तालुक्याच्या गावचं कॉलेज आमचं. पोरं सिंदेवाहीकडून येतात, चिमूरकडून येतात, काही धानोऱ्याच्या पलीकडून येऊन होस्टेलला राहतात. मी त्यांना जावा शिकवते, म्हणजे प्रोग्राम लिहायला शिकवते. जीभ माझी तिखट. कोणी मूर्खासारखं लिहिलं की मी ऐकवते, आणि ऐकवताना माझी पुस्तकी मराठी कुठल्या कुठे पळून जाते.

दरवर्षी एका धड्याला मी फार वेळ देते. प्रोग्रामात कोणती माहिती कोणाला दिसावी, हे ठरवायचा धडा. माहितीपुढे ‘पब्लिक’ लिहिलं की प्रोग्रामातला कोणीही येऊन ती बघतो, वाटलं तर बदलतो. ‘प्रायव्हेट’ लिहिलं की ती ज्याची आहे त्याच्याच हातात. मी पोरांना सांगते, ओसरीवर कोणीही येऊन बसावं बापा, पण चुलीवरच्या भाजीच्या गंजाचं झाकण घरच्या बाईनंच उचलावं. तिसरा शब्द ‘प्रोटेक्टेड’. तो आला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “म्हणजे फॉरेस्टवानी का मॅडम? मोहा वेचाले जाता येते, पण झाड तोडता नाई येत?” सगळे हसतात, मीही हसते. मग डोळे वटारून एक वाक्य लिहून घ्यायला लावते: प्रायव्हेट म्हणजे लपवलेलं नव्हे, ज्याची माहिती आहे त्यालाच विचारायचं, तो सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढं. अनेक वर्षं हे वाक्य सांगतेय. पाठ झालंय. पाठ झालेल्या गोष्टीचा आपण विचार करत नाही, तसंच माझं झालं होतं.

त्या सोमवारी लॅबमध्ये मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या माहितीचा साचा, लिहून आणायला सांगितलं होतं. एका मुलीची वही उघडली. शांत मुलगी, होस्टेलला राहणारी, आजवर एकही लाल गोल न खाल्लेली. तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. नाव, रोल नंबर, गाव, आणि चौथी ओळ सिकलसेलचा रिपोर्ट, त्यापुढे ‘एएस’. चारही ओळींच्या सुरुवातीला पब्लिक.

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. वही वर धरली, सगळ्या लॅबला दाखवली. “अगं बाई, रक्ताचा रिपोर्ट कोणी पब्लिक करते का? डोकं कुठी ठेवून आली? इतके दिवस मी का भिंतीले शिकवून राह्यली?”

ती उभी राहिली. आवाज चढवला नाही. “मॅडम, मले वाटलं पब्लिकच असते. बोर्डावर तुमीच त लावला.”

मी वही खाली ठेवली.

खरंच लावला होता. आदल्या मंगळवारी, मीच, चार टाचण्या मारून. त्याआधी कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि त्याचं काम माझ्याकडे होतं. सिकलसेल आमच्या भागाला नवा नाही. आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. ज्याच्यात तो एकाच बाजूनं आला तो एएस, नुसता वाहक. त्याला स्वतःला सहसा त्रास होत नाही. नवरा-बायको दोघंही एएस निघाले तर मात्र मुलांना पुरता आजार होऊ शकतो, म्हणून लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावं. एवढीच गोष्ट. पण गावात ‘सिकलवाली’ हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. रिपोर्ट देताना शिबिरातल्या सिस्टरबाईंनी लिफाफा माझ्या हातात दाबून सांगितलं होतं, “एकेकाले बोलावून सांगजा मॅडम. मोठ्यानं नका वाचू.” मी हो म्हटलं. नंतर परीक्षेचं वेळापत्रक आलं, ऐंशी पोरांना एकेक करून कुठं बोलावत बसू, असं मनात आलं, आणि आमच्याकडे जे सांगायचं ते नोटीस बोर्डावर जातं, तशी रिपोर्टांची यादीही गेली. वाईट हेतू नव्हता. हेतूच नव्हता, हेच वाईट.

बाकीच्यांना मी बाहेर काढलं. तिला म्हटलं, “बस. काय झालं ते सांग.”

तिला स्वतःचा रिपोर्ट बोर्डावरच कळला होता, मागे उभ्या पोरींच्या धक्क्यात. आणि येत्या रविवारी चिमूरकडचं एक घर तिला बघायला येणार होतं. मुलगा तिच्या ओळखीचा, तिला मनापासून आवडलेला. तिनं ठरवलं होतं, रविवारी तो आला की आपणच सांगायचं, बाबा माझं असं आहे, तूही तपासून घे, मग बघू. पोरीची हिंमत बघा! मला तिच्या वयात हे सुचलं नसतं. पण यादीचा कोणीतरी फोटो काढला, आणि शनिवारी तो त्यांच्या घरी पोचलासुद्धा. त्याच्या काकानं तिच्या वडिलांना फोन केला, “आमी येत नाई. पोरीचं लपवून ठेवलं काऊन?”

“मी लपवून नव्हती ठेवत मॅडम,” ती म्हणाली. “मी सांगणार होती. मी.”

मला माझं ते पाठ वाक्य आठवलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय! आधी उठले, बोर्डावरची यादी काढली. टाचण्या काढताना दोन पोरं बाजूला उभी राहून बघत होती. उपयोग शून्य, फोटो केव्हाच गावोगाव गेला होता, पण यादी तिथं आणखी एक मिनिट राहू देणं मला शक्य नव्हतं. परत आले आणि तिला म्हटलं, “चुकलं माझं. माफ कर मला.” एवढ्या वर्षांत विद्यार्थ्याला हे शब्द मी कधी म्हटले नव्हते.

पण माझा स्वभाव! माफी मागून गप्प बसेन तर मी कसली? लगेच पर्स उघडून फोन काढला. “त्या पोराचा नंबर दे. मी बोलते. चूक माझी होती, तू काही लपवलं नाहीस, सगळं नीट समजावून सांगते त्याला.”

ती माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिली.

“ते बी तुमीच सांगान का मॅडम?”

मी फोन पर्समध्ये ठेवला. तिनं डोळे पुसले, स्वतःचा फोन काढला आणि म्हणाली, “तुमी जरासं बाहेर थांबता का?”

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि दाराशीच उभी राहिले. घंटा झाली. पुढची बॅच वह्या घेऊन आली. एकानं विचारलं, “आत काय चालू आहे मॅडम?” मी म्हटलं, “काई नाई. थांबा गुपचूप.” त्यांचा अर्धा तास बुडाला. आतून शब्द ऐकू येत नव्हते. एकदा ती हसल्यासारखं वाटलं, एकदा रडल्यासारखं. मी दारापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वही होती. चौथ्या ओळीतलं पब्लिक खोडून तिनं प्रायव्हेट लिहिलं होतं. मी तिथंच सही केली. पुढच्या आठवड्यात बाकीच्या ज्या पोरांचे रिपोर्ट तसे होते त्यांना एकेक करून बोलावलं, समजावलं आणि प्रत्येकाची माफी मागितली. दोघं जण काहीच न बोलता निघून गेले. त्यांचंही बरोबरच होतं.

त्या मुलानं फोनवर काय उत्तर दिलं, ते मी विचारलं नाही. बऱ्याच दिवसांनी तिनं आपणहून सांगितलं, होस्टेलच्या पायरीवर बसून. आता हे लिहायला घेतलं तेव्हा आधी तिला फोन केला. नाव टाकणार नाही म्हटलं, लिहू का विचारलं.

“लिहा मॅडम,” ती म्हणाली. “पण तो काय म्हणाला, तेवढं माह्यापाशी राहू द्या.”