एका घरचा मटार

एसटीतून निवृत्त झाल्यावरही सगळे त्याला कंडक्टरच म्हणायचे. घरी पाहुणे आले तरी तो त्यांना आत सरकायला सांगायचा. बायको कंटाळून म्हणायची, या माणसाला कुणीतरी कामाला लावा.

काम निघालं बहिणीच्या शेतातून. शेत एवढंसं, पण मटार असा गोड की तोडता तोडताच निम्मा संपायचा. शहरातल्या मोठ्या दुकानांना तो आवडला होता, पण त्यांना एकसारखा, गाडीभर माल हवा होता. तिच्याकडे निघायच्या जेमतेम चार टोपल्या.

कंडक्टरला यात अडचणच दिसेना. बस काय एका थांब्यावर भरते? मेहुण्याचा टेम्पो घेऊन तो घरोघर मटार गोळा करत फिरला. धावत येणाऱ्यांसाठी त्याने आयुष्यभर बस थांबवली होती; आता त्याला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

पहिली खेप एका मोठ्या दुकानाच्या गोदामातून जशीच्या तशी परत आली. तिथल्या तपासनीस बाईंनी तीन क्रेट टेबलावर ओतले होते. एकातल्या शेंगा पोचट, दुसऱ्यातल्या जून, तिसऱ्यात सगळीच खिचडी. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माल वाईट नाही, पण दहा घरचा दिसतोय. मला एका घरचा दिसायला हवा."

संध्याकाळी बहिणीच्या अंगणात जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. शेवटी ठरलं, शेंग बोटभर झाली की तोडायची. मग वाद पेटला, बोट कुणाचं? पैलवान शेजाऱ्याचं बोट म्हणजे मुळा. बहिणीने मुकाट्याने आपला हात पुढे केला. तिच्या मधल्या बोटाएवढ्या काड्या कापून कंडक्टरने घरटी एकेक वाटली.

"म्हणजे ताई आता आम्हाला बोटावर नाचवणार," पैलवान म्हणाला.

"नाचा, पण पहाटे नाचा. ऊन चढलं की शेंग मलूल होते."

पुढच्या खेपेला बाईंनी एक क्रेट ओतला, शेंगांवरून हात फिरवला. दुसरा ओतला. तिसरा उघडलाच नाही. आणखी किती आणता येईल, असं विचारलं. परतताना कंडक्टर रिकाम्या टेम्पोत गात होता, आणि मेहुणा गाडी चालवता चालवता त्याला गप्प बस म्हणून विनवत होता.

मग बहिणीला ते दुकान बघायचंच होतं. गारेगार फळीवर आपला मटार पिशव्यांत नीटनेटका बसलेला पाहून ती बराच वेळ हललीच नाही. मग एक पिशवी उचलून थेट पैसे द्यायच्या रांगेत उभी राहिली.

"घरी ढीग पडलाय आणि विकत घेतेस?" कंडक्टर कुजबुजला.

"एवढा प्रवास करून आलाय. गोडी टिकली का, बघायला नको?"

बाहेरच्या बाकावर बसून तिने शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले. कंडक्टर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिने लगेच दुसरी शेंग सोलली. बाकाच्या टोकाला बसलेल्या अनोळखी बाई टकमक बघत होत्या, तेव्हा तिने पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"घ्या ना, आमच्याच घरचा आहे."